खरं बोला, इंग्रजीत बोला

भूम तालुक्यात इंग्रजी कुणाला येवो न येवो, माझ्या सातवीच्या पोरांना येतं! हे वाक्य मी मागच्या एप्रिलपर्यंत दिसेल त्याला थांबवून ऐकवत होते. आता कुणी विचारलंच तर सांगते, आणि तेही आजूबाजूला पोरं नाहीत ना, हे बघून.

मी दीपमाला. भूमपासून आत, जिथं एसटी सकाळी येते, संध्याकाळी येते आणि मधल्या वेळी यायचं नुसतं कबूल करते, अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीचं इंग्रजी माझ्याकडं. या तीन वर्गांना गावात ‘वरचे वर्ग’ म्हणतात, आणि ते बंद पडायच्या बेतात होते. कारण होती एक पिवळी व्हॅन. भूमच्या एका इंग्रजी शाळेची ही व्हॅन रोज सकाळी पाराजवळ येऊन हॉर्न वाजवायची आणि गळ्यात टाय अडकवलेली पोरं गोळा करून न्यायची. दरवर्षी तिच्यात पोरं वाढायची आणि माझ्या वर्गात तेवढीच कमी व्हायची. गंमत म्हणजे व्हॅन चालवणारा सिदू आमच्याच गावचा, आणि त्याची स्वतःची मुलगी प्रतीक्षा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर!

जूनमध्ये पट आणखी घसरला की वरचे वर्ग बंद, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग ज्यांना व्हॅन परवडते ती पोरं भूमला जाणार, ज्यांना परवडत नाही त्या पोरी शेळ्यांमागं जाणार, आणि मी ‘अतिरिक्त’ ठरून पार उमरग्याच्या टोकाला जाणार. माझं सोडा, मी कुठंही गेले तरी पगार चुकत नाही. पण प्रतीक्षासारख्या पोरीच्या हातात काठी आणि पुढं शेळ्या, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. हे मी घरी बोलून दाखवलं. माझे मिस्टर कृष्णराज यांचं भूमला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. ते म्हणाले, होईल तेव्हा बघू. जळून आलेल्या प्रत्येक मोटारीला ते हेच म्हणतात.

मी मात्र कंबर कसली. ठरवलं, पोरांना असं इंग्रजी बोलायला लावायचं की व्हॅनच उलटी फिरून शाळेच्या दारात उभी राहिली पाहिजे!

आधी उच्चार घेतले. आमच्याकडं ‘स्कूल’ला पुढं एक ‘इ’ फुकट मिळतो. इस्कूल, इस्टँड, इस्टूल. मी म्हटलं, आधी लांब ‘स्स्स’ म्हणा आणि मग शब्द सुरू करा. सगळा वर्ग एकदम ‘स्स्स’ करायला लागला, तेव्हा शेजारच्या वर्गातून आमचे मुख्याध्यापक शंभुलिंग सर काठी घेऊन धावत आले आणि बाकांखाली साप शोधू लागले. त्यानंतर ‘थ’साठी जीभ दातांत धरायला शिकवली. दुसऱ्या दिवशी वैष्णवीची आजी कमलबाई शाळेत हजर. नात तिला कालपासून जीभ दाखवत होती.

मग आली वाक्यं. पोरं गाइडमधली वाक्यं घोकायची. राजा राजवाड्यात राहतो, माळी बागेत आहे. आमच्या गावात राजाही नाही आणि माळ्याच्या बागेला पाणीही नाही! म्हणून मी नियम केला, वाक्य आपल्या घरातलंच पाहिजे आणि खरंच पाहिजे. खरं बोला, इंग्रजीत बोला. दुसरा नियम असा की पोरांनी मला घाबरायचं नाही. माझी चूक दिसली की हात वर करायचा, ‘मॅडम चुकल्या’ म्हणायचं आणि बरोबर काय ते सांगायचं. जो सांगेल त्याच्यासाठी सगळ्या वर्गानं शाबासकीची टाळी वाजवायची. या नियमाचा मला इतका अभिमान होता की भूमच्या शिक्षण परिषदेत मी त्यावर भाषण ठोकून आले होते.

पोरं सुटलीच. दिवाळीपासून रोज सकाळी प्रत्येक जण उठून घरातलं खरं सांगू लागला, आणि मी कान टवकारून ऐकू लागले. पण काय ऐकत होते? क्रियापद! ‘ईट’ म्हटलं की ‘ईट्स’ म्हण. ‘गो’ नाही, काल गेला तर ‘वेंट’. डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतो तेव्हा माणूस आ करून काय म्हणतोय ते तो ऐकत नाही, जीभच बघतो. माझं तसंच झालं होतं. पोरं काय सांगतायत, याच्याकडं मी कधी लक्षच दिलं नाही. हे मला कळलं ते पालकसभेत, सगळ्या गावासमोर.

सभा एप्रिलमध्ये ठेवली, इंग्रजी शाळेचे प्रवेश पक्के व्हायच्या आत. शाळा सकाळची होती. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या, सरस्वतीच्या फोटोला हार घातला, नारळ फुटला. एका बाजूला बाप्ये, समोरासमोर दुसऱ्या बाजूला बायका. सिदूही व्हॅनची खेप टाकून आला आणि मागं उकिडवा बसला. शाळा समितीचे अध्यक्ष धनाजीराव उठले आणि असं काही बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वरचे वर्ग ही गावाची इज्जत आहे, म्हणाले. स्वतःच्या गावची शाळा सोडून टायच्या मागं पळणारा माणूस आपल्या आईला विसरणारा माणूस, म्हणाले. मॅडमकडं बघा, त्यांचा स्वतःचा मुलगा नंदीश याच शाळेत पाचवीला आहे आणि जूनमध्ये इथंच सहावीला बसणार आहे, म्हणाले. मी मान ताठ केली. बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

मग मी पोरांना उभं केलं. पहिल्या दोघा-तिघांनी घरच्या म्हशी, बापाची मोटारसायकल, अंगणातलं शेवग्याचं झाड असं सांगितलं. काय उच्चार! एकाही ‘स्कूल’ला ‘इ’ चिकटला नाही. माणसं माना डोलवत होती. तेवढ्यात कमलबाई बोलल्या.

"लई झ्याक बोलतंय लेकरू. पर बोलतंय काय, ते मराठीत सांगा की मॅडम. आमी काय नुसत्या मुंड्या हलवायच्या व्हय?"

सगळ्यांनीच उचलून धरलं. आमच्याकडं ही रीतच आहे. कीर्तनकारानं संस्कृत श्लोक म्हटला तरी खाली बसलेला माणूस अर्थ वसूल केल्याशिवाय उठत नाही. मी आनंदानं हो म्हटलं. प्रत्येक पोराचं वाक्य मी मराठीत सांगणार!

नेमकी कमलबाईंची वैष्णवी उभी राहिली. हात मागं बांधून, खणखणीत आवाजात म्हणाली, "माय ग्रँडमदर हॅज शुगर. डॉक्टर सेज, डोंट ईट जॅगरी. बट शी ईट्स जॅगरी एव्हरी डे. शी हाइड्स इट इन हर ट्रंक."

मी सवयीनं ‘ईट्स’मधला ‘स’ ऐकून खूश झाले. मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आजीला शुगर आहे, डॉक्टरनं गूळ बंद केलाय, तरी आजी रोज गूळ खाते आणि ट्रंकेत लपवून ठेवते! हेच वाक्य ही पोरगी दिवाळीपासून मला ऐकवत होती आणि मी तिला शाबासकी देत होते! समोर कमलबाई नातीकडं कौतुकानं बघून कानशिलावर कडाकडा बोटं मोडत होत्या. त्यांच्या शेजारी सून उमादेवी बसलेली. ‘शुगर’ आणि ‘डॉक्टर’ हे दोन शब्द तर सगळ्यांना कळलेच होते, त्यामुळं फार लांबचं काही सांगता येईना.

मी घाम पुसत म्हटलं, "वैष्णवी म्हणते, माझ्या आजीला शुगर आहे. पण डॉक्टरांनी सांगितल्यापासून आजी गुळाकडं बघतसुद्धा नाही."

धनगराच्या बिरूचा हात वर गेला. "मॅडम चुकल्या!" आणि त्यानं ट्रंकेसकट सगळं नीट मराठीत सांगितलं. वर्गानं शाबासकीची टाळी वाजवली. नियम म्हणजे नियम.

उमादेवी सासूकडं वळल्या. "आत्याबाई, गूळ उंदरं खात्यात म्हणून म्या तीन महिनं झालं पिंजरा लावतीय. रोज त्यात भजी ठिवतीय!"

कमलबाई लिंबाच्या शेंड्याकडं बघू लागल्या. मला वाटलं, झालं तेवढं झालं, आता बिरूला बोलावू. तो बिचारा शेळ्यांपलीकडं काय सांगणार! मी ‘कम, बिरू’ म्हटलं.

"माय मदर हॅज अ मोबाइल," बिरू म्हणाला. "शी कीप्स इट इन द ज्वारी. व्हेन फादर गोज आउट, शी टॉक्स टु माय आंटी. फादर डज नॉट नो."

‘डज नॉट’ इतकं अचूक वापरलं होतं की एरवी कुठल्याही दिवशी मी त्याला उचलून घेतलं असतं. पण आत्ता ‘मोबाइल’, ‘ज्वारी’ आणि ‘फादर’ हे तिन्ही शब्द त्याच्या बापाच्या कानात शिरलेले दिसत होते आणि बाप माझ्याकडं टक लावून बघत होता. समोरच्या बाजूला बिरूची आई प्रेमाबाई पदर तोंडावर ओढत होती. मी सांगितलं, आई मोबाइल न बघता ज्वारी निवडत बसते आणि वडिलांना त्याचं कौतुक आहे.

आता वैष्णवीचा हात वर! बिरूनं तिच्या आजीचं फोडलं होतं, तिनं त्याच्या आईचं फोडलं. पुन्हा शाबासकीची टाळी.

"ज्वारीत?" बिरूचा बाप सतरंजीवरून बायकोला म्हणाला.

"मग कुटं ठिवू? आन् तुमी घरात बोलता का कुनासंगं? बहिणीसंगं दोन शबुद बोलले तर काय झालं?"

तेवढ्यात माझ्यामागं कुजबुज सुरू झाली, आणि ती ऐकून मला चक्कर यायची बाकी राहिली. कुणीतरी म्हणत होतं, पोरांना चांगलं येतंय, मॅडमलाच येत न्हाय. दोन्ही बारीला चुकल्या. दुसरा म्हणाला, भूमच्या शाळेत असलं चालत न्हाय, तिथं सर चुकले तर पोरं गप बसत्यात.

घ्या! ज्या सभेत मी वर्ग वाचवायला निघाले होते, तिथं मलाच इंग्रजी येत नाही असं ठरत होतं. शंभुलिंग सर मला हातानं ‘आटपा’ म्हणून खुणावत होते. मी मनाशी ठरवलं, आता जे पोरगं उठेल ते काहीही बोलू दे, घर जळो की संसार मोडो, मी शब्दाला शब्द खरं सांगणार. आणि सगळ्यात बिनधोक पोरगा निवडला, अध्यक्षांचा रणधीर. धनाजीराव खूश झाले. लेकाचं भाषण टिपायला त्यांनी मोबाइल काढला आणि पुढं येऊन उभे राहिले.

रणधीर छाती काढून म्हणाला, "माय फादर टुक माय ॲडमिशन इन द इंग्लिश स्कूल. आय विल गो बाय व्हॅन इन जून. माय फादर सेड, डोंट टेल बिफोर द मीटिंग."

मी हे वाक्य याआधी ऐकलं नव्हतं. ताजं होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की काही सांगायची गरजच नाही. फादर, ॲडमिशन, इंग्लिश स्कूल, व्हॅन, जून, मीटिंग. सगळी सभा गार पडली होती. धनाजीरावांच्या हातातला मोबाइल तसाच वर होता आणि चित्रीकरण चालूच होतं.

"ह्ये मला बी कळलं," कमलबाई शांतपणे म्हणाल्या.

मग जो गोंधळ झाला! आईला विसरणारा माणूस कुठं गेला, असं एक जण विचारू लागला. दुसऱ्यानं इज्जतीचं काय झालं म्हणून विचारलं. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. हा माणूस अर्ध्या तासापूर्वी माझ्या डोळ्यांत पाणी आणून बसला होता! मागं सिदू गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याला सगळ्या गावाचे प्रवेश तोंडपाठ असणार, पण तो बोलला नाही. धनाजीराव चारी बाजूंनी घेरले गेले, आणि घेरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. म्हणाले, मी एकटाच आहे का? तुमच्यातल्या किती जणांनी नावं घातली, ते मॅडम तुमच्या पोरांनाच विचारतील. अजून निम्मी पोरं बोलायची राहिलीत.

हे ऐकल्याबरोबर सभा एकदम गप्प झाली. प्रत्येक बाप आपापल्या पोराकडं बघू लागला. एकानं जागेवरून सांगितलं की त्याच्या पोरीला कालपासून ताप आहे, तिला उठवू नका. एका बाईनं उठून लेकाला पदराखाली ओढलं. पोरं मात्र आपला नंबर कधी येतोय म्हणून चुळबुळत होती.

कमलबाई उठल्या. त्यांचं आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्यामुळं आवाजाला धार आली होती.

"मी काय म्हनते ते ऐका. ह्या लेकरांची तोंडं आता बंद व्हनार न्हाईत. हितं बोलली तर गावातल्या गावात ऱ्हातंय. भूमच्या शाळंत जाऊन बोलली, तर माझा गूळ आन् हिचा मोबाइल सगळ्या तालुक्याला कळंल. तिथं कोन कुनाचं हाय? माझी वैष्णवी तर कुटं जायची न्हाय. तुमी बगा तुमचं."

आणि वाचकहो, माझा शुद्ध उच्चार, माझं क्रियापद, माझी वर्षभराची मेहनत यापैकी कशानं जे झालं नसतं, ते या भीतीनं झालं! बिरूचा बाप म्हणाला, आमचा बी हितंच. बाकीच्यांनीही पटापट माना हलवल्या. शेवटी धनाजीरावांनी मोबाइल खिशात घातला आणि रणधीरचं नाव काढून घेतो, असं सगळ्यांसमोर कबूल केलं. वरचे वर्ग वाचले. प्रतीक्षा टाळ्या वाजवत होती, आणि मी पदरानं डोळे टिपले. या वेळचं पाणी खरं होतं.

फक्त एक अट पडली. उद्यापासून पोरांनी आपल्या घरातलं बोलायचं नाही. मग बोलायचं काय? खोटी वाक्यं मला चालत नाहीत, हे मी ठामपणे सांगितलं. तेव्हा प्रेमाबाईंनी तोड काढली. पोरांनी मॅडमच्या घरचं बोलावं! सगळे हसले. शंभुलिंग सर मानेनं नको नको म्हणत होते. पण मी जिंकले होते, मला कशाची भीती? मी सांगून टाकलं, बोला खुशाल. माझ्या घरात लपवण्यासारखं काही नाही. जे माझ्या मिस्टरांना माहीत ते मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत वर्गावर गेले. खडूनं फळ्यावर ‘आमच्या मॅडम’ असं इंग्रजीत लिहिलं आणि कोण सुरू करणार म्हणून विचारलं. पहिल्या बाकावरून प्रतीक्षा उठली. माझी लाडकी. हिच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. तिनं जीभ दातांमागं नीट लावली, ओठ ओले केले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द मोकळा करत बोलायला लागली.

"अवर मॅडम्स हसबंड केम टु अवर हाउस लास्ट संडे. ही गेव्ह नंदीश्स फोटो टु माय फादर. नंदीश विल गो टु द इंग्लिश स्कूल बाय व्हॅन. ही सेड, डोंट टेल मॅडम."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. ‘केम’ बरोबर होतं. ‘गेव्ह’ बरोबर होतं. ‘स्कूल’ला ‘इ’ नव्हता. एखादी तरी चूक सापडावी म्हणून मी ती चारही वाक्यं मनात पुन्हा म्हणून बघितली. सापडली नाही.

"सिट डाउन," मी म्हटलं. प्रतीक्षा उभीच राहिली. बसले मी.